टाळं ठोकण्याचा हक्क आणि टाळ्याचा धाक

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च १९६५ रोजी दिलेल्या एका निकालात दोन विधानं आहेत. पहिलं मुख्य मजकुरात आहे: मालकाला आपला सगळाच्या सगळा धंदा हव्या त्या कारणासाठी कायमचा बंद करता येतो, कामगारांनी युनियन केली याचा राग हेच कारण असलं तरीही. दुसरं एका तळटीपेत आहे: युनियन कराल तर कारखाना बंद करीन, अशी धमकी मात्र मालकाला देता येणार नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की अडखळायला होतं. जी गोष्ट करायला पूर्ण मोकळीक आहे, ती करीन असं नुसतं म्हणणं बेकायदा कसं? एरवी आपण बोलण्यापेक्षा करण्याला जास्त जबाबदार धरतो. इथे बोलणारा दोषी आणि करणारा मोकळा. नीतिशास्त्राला ही गाठ नवी नाही. एखाद्याचं खरं बिंग फोडलं तर कायदा बहुधा आड येत नाही, पण ‘पैसे दे, नाहीतर बिंग फोडतो’ म्हणणारा तुरुंगात जातो. मला वाटतं, कारखान्यांच्या बाबतीत ही गाठ सोडवायची तर निकालाची तळटीप धरून मागे मुख्य मजकुराकडे जावं लागतं. धमकी ज्या कारणाने वाईट ठरते, तेच कारण सूड म्हणून ठोकलेल्या टाळ्यालाही लागू पडतं. कोणत्याही मालकाला धंदा चालवत राहायला भाग पाडू नये हे पूर्ण मान्य करूनही असं म्हणता येतं, आणि म्हणायला हवं.

खटला डार्लिंग्टनच्या गिरणीचा होता. दक्षिण कॅरोलायना राज्यातलं हे गाव, आणि गावात पाचशेच्या आसपास कामगारांची एक कापड गिरणी. गिरणीचे बहुसंख्य शेअर डीअरिंग मिलिकन कंपनीकडे होते, आणि त्या कंपनीवर मिलिकन कुटुंबाचा ताबा होता. तिच्या हाताखाली १७ कापड कंपन्यांच्या २७ गिरण्या चालत. १९५६ च्या मार्चमध्ये टेक्सटाइल वर्कर्स युनियनने इथे संघटनेचं काम सुरू केलं. कंपनीने कसून विरोध केला, आणि त्या विरोधात गिरणी बंद करण्याच्या धमक्याही होत्या. ६ सप्टेंबरला मतदान झालं: युनियनच्या बाजूने २५६, विरुद्ध २४८. सहा दिवसांनी संचालक मंडळाने कंपनी गुंडाळण्याचा ठराव केला. १७ ऑक्टोबरला भागधारकांनी तो मंजूर केला, नोव्हेंबरमध्ये गिरणी थांबली, आणि डिसेंबरमध्ये यंत्रसामग्री सुटी सुटी करून लिलावात विकली गेली. मधल्या दिवसांत बऱ्याच कामगारांनी ‘आम्हाला युनियन नको’ अशा अर्जावर सह्या करून दिल्या होत्या. त्याचा काही उपयोग झाला नाही. या प्रकरणात मला हा तपशील सगळ्यांत बोलका वाटतो. मालकाचं भांडण युनियनच्या मागण्यांशी असतं, तर मागणी करणारेच मागे सरल्यावर भांडण मिटायला हवं होतं. इथे एकही मागणी अजून टेबलावर आलेली नव्हती. कामगारांनी एक मत दिलं होतं, आणि ते दिलं गेलं एवढंच पुरेसं झालं.

न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालात जो युक्तिवाद केला तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं असं: कायद्याने जी वागणूक निषिद्ध ठरवली आहे तिच्यामागे पुढे काहीतरी पदरात पाडून घेण्याचा हेतू असतो. मालक तात्पुरती टाळेबंदी करतो, कारखाना युनियन नसलेल्या गावी हलवतो, तेव्हा कामगारांना नमवून पुढचा फायदा मिळवणं हे त्याचं गणित असतं. पण जो सगळा धंदाच कायमचा मोडतो, त्याला पुढे कसला फायदा? त्याला मिळालंच तर आपल्या मतावर ठाम राहिल्याचं समाधान मिळेल, आणि असं समाधान रोखण्यासाठी कामगार कायदा केलेला नाही. एकट्या उद्योजकाला धंदा सोडायचीही मुभा नाही, असं म्हणणं न्यायालयाला धक्कादायक वाटलं. मात्र एका मालकाच्या अनेक गिरण्यांपैकी एक बंद होत असेल, आणि बंद करण्यामागे उरलेल्या गिरण्यांतल्या कामगारांचा युनियनचा उत्साह गारठवण्याचा हेतू असेल, आणि तसा परिणाम होईल हे मालकाला दिसण्यासारखं असेल, तर ते बेकायदा. प्रकरण पुन्हा कामगार मंडळाकडे गेलं. १९६७ मध्ये मंडळाने हेतू तोच होता असा निष्कर्ष काढला, १९६८ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला, आणि भरपाईचा वाद रेंगाळत जाऊन १९८० च्या अखेरीस ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मतदानाला तोवर २४ वर्षं उलटली होती, आणि ज्यांना पैसे मिळायचे त्यांतले अनेक जण हयात नव्हते.

धमकीचा प्रश्न डार्लिंग्टनच्या निकालानंतर चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापुढे सरळ उभा राहिला. १९६९ च्या गिसेल पॅकिंग निकालात एकत्र ऐकलेल्या प्रकरणांपैकी एक मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावच्या सिंक्लेअर कंपनीचं होतं. तारेची जाळी विणणाऱ्या अवघ्या चौदा कारागिरांचा प्रश्न. १९५२ मध्ये तिथे तीन महिन्यांचा संप होऊन गेला होता आणि त्यानंतर युनियन उरली नव्हती. १९६५ मध्ये कारागीर पुन्हा संघटित होऊ लागले तेव्हा कंपनीचे अध्यक्ष त्यांच्याशी बोलायला लागले. कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक आहे. युनियनच्या हाती संपाखेरीज दुसरं हत्यार नाही. संप झाला तर मूळ कंपनी हा कारखाना बंद करू शकते, तिच्याकडे दुसरीकडे भरपूर यंत्रं आहेत. तुमची वयं झालेली आहेत, तुमच्या कसबाला बाहेर मागणी नाही, दुसरं काम मिळणं अवघड जाईल. युनियनमुळे बंद पडले म्हणून आसपासच्या कारखान्यांची यादीही वाटली गेली. मतदानात युनियन सात विरुद्ध सहा अशी हरली. या सगळ्यात ‘बंद करीन’ असं सरळ वाक्य शोधूनही सापडत नाही. प्रत्येक वाक्य काळजीच्या सुरात म्हटलेलं आहे. पण कळणाऱ्याला कळतं, आणि न्यायालयाच्या निकालाचं मर्म ते कोणाला कळतं यातच आहे. सरन्यायाधीश वॉरन यांनी लिहिलं की ज्याची भाकरी बोलणाऱ्याच्या हातात आहे, त्याला बोलण्यामागचा सूचित अर्थ नेमका ऐकू येतो. तिऱ्हाइताला तेच बोलणं साधं मतप्रदर्शन वाटेल. म्हणून मालकाने भविष्याबद्दल जरूर बोलावं, पण ते भाकीत वस्तुनिष्ठ माहितीवर उभं असावं आणि त्याच्या हाताबाहेरच्या, दाखवून देता येतील अशा परिणामांबद्दल असावं. सिंक्लेअरकडे तसा आधार नव्हता. युनियनने अजून काहीच मागितलं नव्हतं, तरी ती संप करणारच हे गृहीत धरलेलं होतं. आणि गावातले इतर कारखाने युनियनमुळे बंद पडले, या म्हणण्याला आपल्याकडे आधार नाही हे अध्यक्षांनी सुनावणीत कबूल केलं.

त्याच १९६९ साली रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाने बळजबरीवर एक निबंध लिहून धमकी आणि इशारा यांतला फरक मांडायचा प्रयत्न केला. व्यक्तीच्या मालमत्तेच्या हक्काचा हा पुढे गाजलेला कैवारी, तरी त्यालाही हा फरक गरजेचा वाटला. ‘घाटात दरड कोसळते, त्या रस्त्याने जाऊ नका’ हा इशारा. ‘त्या रस्त्याने गेलात तर मी दरड ढकलीन’ ही धमकी. पहिल्यात बोलणारा जगाची स्थिती सांगतो; दुसऱ्यात तो स्वतःची इच्छाच जगाची स्थिती म्हणून पुढे करतो. कारखाना चालवणाऱ्याच्या तोंडी हे दोन्ही आवाज इतके मिसळलेले असतात की त्याला स्वतःलाही ते वेगळे करणं जड जावं. मजुरी इतकी वाढली तर मला परवडणार नाही, हा हिशेब आहे, तो कागदावर दाखवता येतो आणि कामगाराने तो ऐकायलाच हवा. तुम्ही एकत्र आलात तर मी थांबणार नाही, यात हिशेब कुठेच नाही. ज्यांना वाटतं की अशा बोलण्यावर बंदी म्हणजे मालकाच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला, आणि कामगाराच्याही माहितीच्या हक्कावर घाला, त्यांना उत्तर इथे मिळतं. १९४७ च्या दुरुस्तीने अमेरिकेच्या कायद्यात मालकाच्या मतप्रदर्शनाला खास संरक्षण दिलेलं आहे, पण त्याच वाक्यात धमकी आणि आमिष वगळलेलं आहे. माहिती द्यायची असेल तर आकडे द्यावेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या केट ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९९९ ते २००३ या काळातल्या युनियन निवडणुकांचा अभ्यास केला, तेव्हा ५७ टक्के निवडणुकांत मालकांनी पूर्ण किंवा अंशतः बंदची धमकी दिल्याचं त्यांना आढळलं. एवढ्या सगळ्या ठिकाणी युनियन येताच धंदा खरोखर बुडणार होता, असं म्हणायला कोणी धजावणार नाही.

आता गाठीकडे येतो. धमकीत वाईट काय असतं? भीती घालणं एवढंच म्हणून भागत नाही, कारण खरा इशाराही भीती घालतो. धमकीतलं वाईट हे की बोलणारा दुसऱ्याच्या हक्काच्या निवडीला स्वतःच्या हाताने शिक्षा जोडतो. युनियन करायची की नाही हा प्रश्न कामगारांचा आहे. अमेरिकेच्या १९३५ च्या वॅग्नर कायद्याने तो त्यांना दिला, भारताच्या राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात संघटना करण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या परिपत्रकाने तर संघटनेचा हक्क निसर्गदत्त मानला, राज्यसंस्थेच्याही आधीचा, म्हणून तो हिरावून घेण्याचा अधिकार राज्याला नाही असं सांगितलं. त्या निवडीला शिक्षा जोडणं हे वाईट असेल, तर प्रत्यक्ष शिक्षा अमलात आणणं त्याहून कमी वाईट कसं? धमकी वाईट ठरते ती ज्याची धमकी दिली आहे त्या गोष्टीमुळे. ती गोष्ट निर्दोष असेल तर तिचा उच्चार दोषी ठरायला जागाच उरत नाही. हार्लन यांनी अनेक गिरण्यांच्या मालकाच्या बाबतीत हे ओळखलं होतं. डार्लिंग्टनचं टाळं ही बाकीच्या गिरण्यांसाठी घडलेली धमकी होती, हे त्यांना दिसलं. एकुलती एक गिरणी असेल तर मात्र ऐकणारं कोणी उरत नाही, म्हणून शिक्षा ही शिक्षा राहत नाही, असं ते मानतात. शिक्षा भोगणारे पाचशे जण या हिशेबात येतच नाहीत. त्यांच्याकडे फक्त इतरांना दिलेला निरोप म्हणून पाहिलं जातं.

हार्लन यांच्या युक्तिवादाचा कणा हा की ज्याने स्वतःचंच नुकसान केलं, त्याच्यावर बळजबरीचा आरोप कसा ठेवायचा. या प्रश्नाला एक उत्तर अहमदाबादेत १९१८ मध्येच मिळालेलं होतं, आणि तेही मालकाच्या बाजूने नाही तर कामगारांच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाकडून. गिरणी कामगारांची ३५ टक्के वाढीची मागणी होती. अंबालाल साराभाई मालकांचे पुढारी, त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन कामगारांबरोबर, आणि गांधीजी कामगारांचे सल्लागार. संप लांबला, कामगार डगमगू लागले, तेव्हा गांधीजींनी उपोषण सुरू केलं, आणि तीन दिवसांत तडजोड झाली. आत्मकथेत त्यांनी या उपोषणातला दोष स्वतः नोंदवून ठेवला आहे. मालकांशी त्यांचे संबंध जिव्हाळ्याचे होते, म्हणून त्यांच्या उपोषणाचा भार मालकांच्या निर्णयावर पडल्याशिवाय राहणं शक्य नव्हतं. मालकांवर फक्त कामगारांच्या संपाचाच परिणाम होऊ द्यायला हवा होता. म्हणजे स्वतः उपाशी राहणं, स्वतःचं शरीर झिजवणं, यातही दुसऱ्यावर दबाव असू शकतो, आणि पदरात काही पडत नाही म्हणून तो दबाव पुसला जात नाही. गांधीजींची नीती मान्य असो वा नसो, त्यांची ही कबुली हार्लन यांच्या तर्कातली उणीव नेमकी दाखवते. तोटा सोसणारा माणूस निःस्वार्थी असेलच असं नाही. कधीकधी तोटा हीच त्या दबावाची किंमत असते, आणि तो ती आनंदाने मोजतो. मिलिकनसारख्या धनाढ्य घराण्याला एक गिरणी मोडणं परवडत होतं. ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यावर खरा भार पडला.

बौद्ध परंपरा कर्माची व्याख्याच चेतनेवरून करते: ज्या हेतूने हात उचलला, तो हेतू म्हणजेच कर्म. बाहेरून एकच दिसणाऱ्या दोन क्रिया त्यामुळे दोन निराळी कर्मं ठरतात. वृद्धापकाळामुळे धंदा आवरणारा आणि आठ मतांचा सूड म्हणून धंदा मोडणारा, दोघांच्या दारावर सारखंच कुलूप दिसतं. कायद्याला हे मानवेल का, असा प्रश्न इथे येतो, आणि त्यावर युरोपात वीस वर्षांच्या अंतराने दोन उलट उत्तरं दिली गेली. १८९५ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहापुढे ब्रॅडफर्ड शहराचं पाणी अडवणाऱ्या एका जमीनमालकाचं प्रकरण आलं. शहराने आपल्याकडून चढ्या भावाने खरेदी करावी म्हणून तो स्वतःच्या जमिनीत खणून भूगर्भातलं पाणी वळवत होता. लॉर्ड्सनी ठरवलं की कृती हक्कात बसते, मग हेतू कितीही वाईट असो. फ्रान्समध्ये एका जमीनमालकाने शेजारच्या वायुनौकांच्या हँगरला त्रास व्हावा म्हणून हद्दीवर सोळा मीटर उंचीचे लाकडी सांगाडे उभारले आणि त्यांवर लोखंडी सुळे बसवले. १९१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सुळे काढायला लावणारा आणि भरपाई देणारा निकाल कायम ठेवला. जमीन त्याची, लाकूड त्याचं, सुळेही त्याचे. पण ज्या वापराचा त्याला स्वतःला काही उपयोग नाही, फक्त शेजाऱ्याला इजा आहे, तो वापर हक्कात येत नाही. जर्मनीच्या १९०० पासून लागू झालेल्या नागरी संहितेने तर हे एका कलमातच लिहून टाकलं. डार्लिंग्टनच्या निकालाची मुळं ब्रॅडफर्डच्या मातीत आहेत. माझं मत फ्रेंचांच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण असं की लॉर्ड्सच्या पुढे एक श्रीमंत नगरपालिका होती जी पाणी विकत घेऊ शकत होती. ज्याच्याकडे नुसते हातच आहेत आणि त्या हातांना काम देणारी गावात एकच जागा आहे, त्याच्या बाबतीत ‘हेतू बघू नका’ म्हणणं म्हणजे बलवानाला शिक्षा करण्याचा खाजगी अधिकार देणं आहे. शिक्षा देणं हे आपल्या सगळ्या जुन्या शास्त्रांनी राजाकडे सोपवलं होतं, आणि तेही अपराधासाठी. इथे तर अपराधच घडलेला नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप समानतेचा आहे. कामगार कोणत्याही कारणासाठी काम सोडू शकतो, रागापोटी, हट्टापायी, मालकाचं तोंड बघवत नाही म्हणूनही, आणि त्याला कोणी जाब विचारत नाही; मग मालकालाच का? १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत औद्योगिक कलह विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी हे तत्त्व परखडपणे मांडलं होतं: संप हा फार तर कराराचा भंग आहे, त्याला गुन्हा ठरवून माणसाला मनाविरुद्ध राबवणं म्हणजे त्याला गुलाम करणं. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मालकालाही मनाविरुद्ध धंदा चालवायला लावू नये. पण समानता नीट मांडली तर वेगळं चित्र दिसतं. संपात कामगार मालकाला म्हणतो, या अटीवर काम करीन, त्या अटीवर नाही. अटी दोघांच्या सामाईक आहेत, म्हणून तिथे दोघेही जोर लावू शकतात. वाटाघाटीच्या टेबलावर ‘याहून जास्त मजुरी मागाल तर मी बंद करीन’ म्हणायला मालकालाही कोणी अडवत नाही, आणि अडवू नये. युनियन असावी की नसावी, प्रतिनिधी कोण असावा, हा विषय मात्र सामाईक नाही. मालकांनी आपली संघटना करावी की नाही यावर कामगारांनी संप केला तर तो जितका उद्धट ठरेल, तितकीच ही धमकी उद्धट आहे. आणि अमेरिकेचा कायदा इथे एकांगीही नाही: १९४७ पासून युनियनलाही कामगारांवर सक्ती करायला तितकीच मनाई आहे. म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच माप आहे. काम सोडणारा कामगार आपली मेहनत तेवढी घेऊन जातो. शेजारच्या मागावरच्या माणसाने कोणाला मत दिलं याची शिक्षा तो त्याला करत नाही.

भारतात हाच प्रश्न दुसऱ्या दिशेने आला. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात औद्योगिक कलह कायद्यात कलम २५-ओ घातलं गेलं: ३०० किंवा जास्त कामगारांचा कारखाना सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय बंद करता येणार नाही. मुंबईतल्या एक्सेल वेअर या तयार कपडे निर्यात करणाऱ्या, सुमारे चारशे कामगारांच्या कंपनीने परवानगी मागितली, महाराष्ट्र सरकारने ती नाकारली, आणि प्रकरण घटनापीठापुढे गेलं. १९७८ च्या निकालात न्यायालयाने धंदा बंद करण्याचा हक्क हा धंदा करण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला, तो अमर्याद नाही हेही म्हटलं, आणि ते कलम अवाजवी बंधन म्हणून रद्द केलं. पुढे संसदेने कलम सुधारून आणलं, मर्यादा शंभर कामगारांवर खाली आली, आणि २००२ मध्ये दुसऱ्या घटनापीठाने सुधारित कलम वैध ठरवलं. या सगळ्या लढाईत एक प्रश्न कडेला पडला. आपला कायदा विचारतो: कामगार किती? अमेरिकेचा विचारतो: का बंद केलं? पण धंदा पूर्ण बंद झाला की तोही विचारायचं थांबवतो. परवानगीची पद्धत खरोखर बुडणाऱ्या मालकालाही संशयित करते आणि त्याला वर्षानुवर्षं तोट्यात अडकवून ठेवते. एक्सेल वेअरच्या न्यायाधीशांना हे खटकलं, आणि ते खटकणं योग्य होतं. सूडाचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, कारण परवानगीच्या चौकटीत तो प्रश्न उभाच राहत नाही.

हेतू मनात असतो, तो न्यायालयाला दिसणार कसा, असं म्हणतात. फसवणुकीपासून खुनापर्यंत कायदा रोज हेतूच तपासतो, हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. व्यापारी निर्णयात दहा कारणं मिसळलेली असतात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात याची चांगली वाट सापडली, आणि तीही उशिरा. जाँकिएर इथलं वॉलमार्टचं दुकान २००१ मध्ये उघडलं, २००४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या युनियनला मान्यता मिळाली, २००५ च्या फेब्रुवारीत पहिल्या कराराचा वाद लवादाकडे जायचा आणि दुकान बंद होण्याची घोषणा व्हायची हे एकाच दिवशी घडलं. एप्रिलअखेरीस सुमारे १९० जणांचं काम गेलं. २००९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की दुकानच उरलं नाही, तेव्हा परत कामावर घेण्याचा उपाय लागू होत नाही. डार्लिंग्टनचंच पडघम पुन्हा वाजल्यासारखं वाटावं असा हा निकाल. पण २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने प्रांताच्या कामगार संहितेतल्या ५९व्या कलमावरून दुसरा निकाल दिला. युनियनने मान्यतेचा अर्ज केल्यापासून संपाचा किंवा टाळेबंदीचा हक्क वापरला जाईपर्यंत किंवा लवादाचा निवाडा येईपर्यंत मालकाने युनियनच्या संमतीशिवाय कामाच्या अटी बदलू नयेत, असं ते कलम. दुकान बंद करणं हा अटींतला सर्वांत मोठा बदल. न्यायमूर्ती लेबेल यांनी मालकाच्या मनात शिरायचं कारणच ठेवलं नाही. त्याच परिस्थितीत दुसऱ्या एखाद्या समजूतदार मालकाने हेच केलं असतं का, एवढं विचारलं. धंदा बुडत असता तर उत्तर होय आलं असतं आणि प्रश्न तिथेच संपला असता. वॉलमार्टला तसं दाखवता आलं नाही. दुकान पुन्हा उघडावं असं कोणी म्हटलं नाही. कामगारांना नुकसानभरपाई मिळावी असं म्हटलं. बंद करण्याचं स्वातंत्र्य राहिलं, त्याची किंमत मात्र ज्यांच्यावर लादली जात होती त्यांच्याकडून काढून ज्याने निर्णय घेतला त्याच्यावर आली.

महाराष्ट्राने हा विचार अर्धा आधीच केलेला आहे. १९७१ च्या आपल्या कामगार संघटनांच्या मान्यतेच्या आणि अनुचित प्रथांच्या कायद्यात मालकाच्या अनुचित प्रथांची जी यादी आहे, तिच्या अगदी वरच्या ओळींत युनियन झाल्यास टाळेबंदी करण्याची किंवा कारखाना बंद करण्याची धमकी देणं ही प्रथा नाव घेऊन नोंदवली आहे. १९८२ च्या दुरुस्तीने ती केंद्राच्या कायद्यात गेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या परिशिष्टातही ती कायम आहे. तळटीप आपण आपलीशी केली आहे. मुख्य मजकुराला हात लावलेला नाही. नव्या संहितेत अनुचित प्रथेला दहा हजार ते दोन लाख रुपयांचा दंड आहे, आणि दंड सरकारजमा होतो. बंदच्या परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० वर गेली आहे. म्हणजे मोठ्या कारखान्याला परवानगीचा प्रश्न विचारला जातो आणि लहान कारखान्याला तोही नाही, तर ‘युनियन झाल्याबरोबर का?’ हा प्रश्न विचारायची बांधील जागा कुठेच नाही. गुंतवणूकदार बिचकतील हा आक्षेप परवानगीच्या पद्धतीला लागू पडतो. इथे मागणी त्याच्या उलट आहे. क्युबेकसारखी एक मुदत, युनियनने नोंदणीचा अर्ज केल्यापासून पहिला करार होईपर्यंतची, संहितेत घालता येईल. त्या मुदतीत टाळं लागलं तर धंद्याचं कारण दाखवण्याचा भार मालकावर, आणि ते दाखवता आलं नाही तर भरपाई थेट कामगारांच्या हातात. मग २९९ कामगारांच्या कारखान्यालाही तो प्रश्न विचारता येईल, आणि तोट्यात गेलेल्या मालकाला टाळं लावण्याआधी मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.